वहीतला इतिहास : आधुनिक भारताच्या इतिहासाच्या साधनांविषयी थोडेसे



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा प्रथम संकोच वाटला. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलार्जित कापड दुकानाच्या गादीवर बसलेला आणि चाळीस वर्षे गाठी-ठाणांच्या हिशेबात रमलेला हा एक साधा व्यापारी आहे. तथापि महाविद्यालयात लेखापरीक्षण शिकताना एक गोष्ट मनावर कायमची बिंबली. जमाखर्चातील प्रत्येक रकमेमागे पावती हवी. पावती नसेल तर रक्कम खरी असली तरी ती मान्य होत नाही. पुढे वाचनाच्या ओघात ध्यानात आले की इतिहासकारांचाही नियम हाच आहे. लेखापरीक्षक ज्याला पावती म्हणतो, त्यालाच इतिहासकार साधन म्हणतो. आधुनिक भारताच्या, म्हणजे स्थूलमानाने इंग्रजी अमलापासूनच्या काळाच्या इतिहासाची ही साधने कोणती, ती कशी पारखावीत आणि त्यांपैकी काही आपल्याच घरांत कशी पडून आहेत, याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. त्यात एका चुकीची कबुलीही आहे. ती यथास्थळी येईल.

सरकारी दप्तरे

इंग्रजांचे राज्य हे कागदाचे राज्य होते. हुकूम, अहवाल, पत्रव्यवहार, सारावसुलीचे तक्ते या साऱ्यांच्या प्रती ठेवण्याची त्यांची शिस्त होती. त्यातून मोठाली दप्तरखाने उभे राहिले. मुंबई सरकारचे दप्तर १८२१ पासूनचे असून आज ते राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. हिंदुस्थान सरकारचा अभिलेख विभाग ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास स्थापन झाला. तोच पुढे दिल्लीस येऊन राष्ट्रीय अभिलेखागार झाला. त्यातील बरेच कागद आता ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात.

पुण्याच्या दप्तरखान्यात पेशव्यांचे दप्तर आहे. तेथील कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यांत बांधून ठेवलेले असतात आणि त्या गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणतात. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी या हजारो रुमालांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ खंड सिद्ध केले. कागदाचे आयुष्य कापडाने राखले, हे वाचून आम्हां कापडवाल्यांस थोडा अभिमान वाटल्यास नवल नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तर सरकारी आश्रयाशिवाय गावोगाव हिंडून, जुन्या घराण्यांची दप्तरे उघडवून, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे तिचे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही राजवाड्यांच्याच पुढाकाराने. राजवाड्यांचा विषय जुना असला तरी त्यांनी घालून दिलेला धडा आजही तितकाच लागू आहे : इतिहासाचे कागद पुष्कळदा सामान्य घरांच्या माळ्यावर असतात.

याखेरीज जनगणना आणि गॅझेटिअर ही दोन साधने कोणाही जिज्ञासूच्या सहज हाती येणारी आहेत. देशातील पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली आणि सर्वत्र एकाच वेळी शिरगणती १८८१ पासून होऊ लागली. मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघाले. त्यात जिल्हावार पिके, बाजारपेठा, जातिजमाती, सावकारी, मंदिरे यांची माहिती आहे. मात्र आकडा छापील आहे म्हणून तो निर्दोष असतोच असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील जैनांची संख्या ४४.५ लाख व महाराष्ट्रातील सुमारे १४ लाख आली. पण धर्माच्या रकान्यात ‘जैन’ न लिहिता ‘हिंदू’ लिहिणारी कुटुंबे आपल्याच परिचयात असतात. आकडा कोणी सांगितला आणि कोणी लिहून घेतला, हे विचारल्यावाचून तो पदरात घेऊ नये.

१८७५ : दुसऱ्याने लिहिलेले आपले चित्र

सरकारी साधन कसे वाचावे, याचे एक उदाहरण आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे आणि काहीसे अवघड असूनही येथे देणे अगत्याचे वाटते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या गावी, आसपासच्या खेड्यांतील रयत जमली आणि तिने सावकारांच्या दुकानांवर चाल केली. तेथून हे लोण तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पसरले. ज्यांच्यावर रोष होता ते बहुतेक मारवाडी व गुजराती सावकार होते आणि त्यांत आपल्या समाजाचेही अनेक होते. जमावाची मुख्य मागणी वह्यांची आणि कर्जरोख्यांची होती. काही ठिकाणी धान्याची लूट झाली, घरांना आगी लागल्या. परंतु बहुतेक गावी रोखे हाती येऊन त्यांची होळी झाली की जमाव शांत होई. अक्षरशत्रू म्हणून ज्याला हिणवले जाई, त्या कुणब्याला कागदाचे सामर्थ्य पुरते कळले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल व त्यास जोडलेल्या जबान्या हे या विषयाचे मुख्य साधन आहे. सरकारी साऱ्याचे ओझे हे दंग्याचे कारण नव्हे, दोष सावकारीचा, असा त्या अहवालाचा झोक आहे. येथे वाचकाने थांबून विचारावे की अहवाल लिहिणारा कोण आणि सारा वसूल करणारा कोण? दोघेही एकाच सरकारचे. वस्तुतः अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकारांनी रयतेला सढळ हाताने कर्ज दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्यांनी हात आखडता घेतला. नेमक्या त्याच काळात नव्या जमाबंदीने सारा काही ठिकाणी निम्म्याने, तर काही ठिकाणी दुपटीपर्यंत वाढविण्यात आला. हे सारे एकत्र मांडल्याशिवाय १८७५ चा उलगडा होत नाही.

म्हणून आपल्या पूर्वजांना निर्दोष ठरवून मोकळे व्हावे काय? तसेही करता येत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरला होता. व्याज साचत जाऊ नये, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. रक्कम भरली तरी पावती न देणे, निरक्षर कुळाचा अंगठा त्याला न समजलेल्या मजकुराखाली घेणे, अशा तक्रारी जबान्यांत पुनःपुन्हा येतात. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि सावकारावर पावती व हिशेब देण्याचे बंधन घातले. असा कायदा करावा लागला, यातच तक्रारीत तथ्य होते हे दिसते. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ शेजारी ठेवून वाचला म्हणजे अहवालात नसलेली कुणब्याची बाजू ऐकू येते.

सरकारची बाजू अहवालात आहे, रयतेची बाजू जबान्यांत आणि फुल्यांच्या लेखनात आहे. सावकाराची बाजू कोठे आहे? ती त्याच्या वहीत होती. काही वह्या १८७५ च्या होळीत गेल्या. उरलेल्या आपण, त्यांच्याच वारसांनी, घालविल्या. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने आपलीच एक बाजू अशी पुसून टाकावी, याचा खेद वाटतो.

वृत्तपत्रे आणि आकडे

दुसरे मोठे साधन वृत्तपत्रांचे. १ जुलै १८२२ रोजी सुरू झालेले ‘मुंबई समाचार’ आजही निघते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चे, तर ‘केसरी’ १८८१ चा. देशी पत्रे काय लिहितात यावर सरकारची नजर असे आणि त्यांच्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे नियमाने तयार होत. गंमत अशी की ज्या पत्रांचे मूळ अंक आज मिळत नाहीत, त्यांतील मजकूर या पाळतीच्या कागदांमुळे शिल्लक राहिला आहे. आपल्या समाजापुरते पाहावयाचे तर सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकातच सुरू केलेला ‘जैन बोधक’ आणि १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे ‘प्रगति आणि जिनविजय’ या पत्रांच्या जुन्या अंकांतून शिक्षण, वसतिगृहे, विवाहातील खर्च, स्त्रीशिक्षण यांवरील त्या काळचे वाद समजतात. याच हिराचंदांचे चिरंजीव वालचंद हिराचंद पुढे भारतीय जहाज उद्योगाचे अग्रणी झाले. त्यांचे कागदपत्र दिल्लीस, पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात व आजच्या प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालयात, अभ्यासकांसाठी जतन केलेले आहेत. ते जपले गेले म्हणूनच त्या उद्योगाचा इतिहास साधार लिहिता आला.

तिसरे साधन व्यापाराच्या आकड्यांचे. असहकाराच्या चळवळीत १९२१ ते १९२२ या एका वर्षात विलायती कापडाची आयात १०२ कोटी रुपयांवरून ५७ कोटींवर उतरली, असे सांगतात. कोणीही म्हणेल की हा बहिष्काराचा विजय. तो होताच. परंतु त्याच सुमारास रुपयाचा हुंडणावळीचा दर घसरला होता, त्यामुळे मागविलेला माल सोडवून घेणे अनेक आयातदारांना परवडेनासे झाले होते. व्यापाऱ्याने माल नाकारला तो देशभक्तीने की तोट्याच्या भयाने? आकडा हे सांगत नाही. ते पेढीच्या पत्रव्यवहारात आणि वहीतच सापडावयाचे.

व्यापाऱ्याने स्वतःविषयी लिहिणे आपल्या परंपरेस नवे नाही. आग्र्याचे कवी बनारसीदास हे जातीने श्रीमाळ जैन आणि धंद्याने व्यापारी. त्यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. त्यात व्यापारातील बुडीत, स्वतःचे दुर्गुण, अकबराच्या निधनाच्या वार्तेने जौनपुरात उडालेला हाहाकार हे सारे निःसंकोच सांगितले आहे. तो काळ आधुनिक नव्हे. परंतु स्वतःचे नुकसान आणि चूक लिहून ठेवण्याचा तो आदर्श आजच्या लेखकासही उपयोगी पडेल.

आमच्या घरच्या वह्या : एक कबुली

आता ती कबुली. १९९६ मध्ये आमच्या दुकानाचे नूतनीकरण केले. पोटमाळ्यावर आजोबांच्या काळापासूनच्या रोजमेळीच्या आणि खतावणीच्या वह्यांचे गठ्ठे होते. लाल कापडी बांधणीच्या, दिवाळीत पूजन झालेल्या, पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक आणि गौतमस्वामींचे स्मरण असलेल्या या वह्या मी रद्दीवाल्यास वजनावर दिल्या. वडील ओट्यावर बसून पाहत होते. ते काही बोलले नाहीत. जाताना गठ्ठ्यातून तीन वह्या त्यांनी उचलून घेतल्या आणि देव्हाऱ्याखाली ठेवल्या. त्या तीनच आज उरल्या आहेत.

वडिलांच्या पश्चात त्या उघडल्या, तेव्हा वाचता येईनात. अक्षर महाजनी मोडी. काना, मात्रा, वेलांटी सर्व वगळलेले. ‘काकाजी अजमेर गया’ हे वाक्य ‘काकाजी आज मर गया’ असे वाचून घरात रडारड झाल्याची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती याच लिपीची. गावातील एका वयोवृद्ध मुनीमजींनी चार-पाच संध्याकाळी बसून एक वही मला वाचून दाखविली. ती संवत १९८६ ची होती.

येथे थोडे संवताविषयी सांगणे इष्ट, कारण जुन्या वह्या वाचताना प्रथम चूक होते ती येथेच. आपल्या व्यापारी वह्यांचे वर्ष दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस सुरू होते. त्यामुळे दिवाळी ते डिसेंबर या काळात संवतातून ५७ वजा करावेत आणि जानेवारी ते पुढील दिवाळी या काळात ५६. उत्तरेकडे संवत चैत्रात पालटतो. म्हणून सुप्याच्या दंग्याचा दिवस आपल्या वहीत संवत १९३१ चा, तर राजस्थानातील पंचांगात १९३२ चा ठरेल. शालिवाहन शकात तोच १७९७. एकाच दिवसाची अशी तीन अंगे ध्यानात न घेतल्यास वर्षभराची चूक सहज होते. या हिशेबाने संवत १९८६ म्हणजे १९२९ ची दिवाळी ते १९३० ची दिवाळी, अर्थात मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष.

आमच्या घरात एक गोष्ट पिढीजात सांगत आलेले आहेत. गांधीजी दांडीस निघाले त्या दिवशीच आजोबांनी विलायती कापड विकणे बंद केले, अशी ती गोष्ट. मीही ती मुलांना सांगितली होती. मुनीमजी वाचू लागले, तेव्हा वहीने निराळेच सांगितले. सत्याग्रह सुरू झाला तो फाल्गुनात. वैशाखात आजोबांनी काँग्रेसला वर्गणी दिल्याची नोंद आहे. त्याच वैशाखात आणि पुढे आषाढापर्यंत मुंबईच्या पेढीकडून विलायती मलमल व धोतरजोड्या मागविल्याच्याही नोंदी आहेत. श्रावणात खरेदी थांबते. भाद्रपदात एक ओळ आहे : उरलेल्या विलायती मालाच्या गाठी शिक्का मारून बंद ठेवल्या. त्यापुढे वर्ष संपेपर्यंत त्या मालाची विक्री कोठेही जमा नाही.

मुनीमजींनी वही मिटली, तेव्हा क्षणभर मला वाईट वाटले. गोष्टीतले आजोबा एका दिवसात बदलले होते; वहीतल्या आजोबांना पाच-सहा महिने लागले. परंतु जसजसा विचार करीत गेलो, तसतसे वहीतले आजोबाच मला अधिक जवळचे वाटू लागले. घरात दहा माणसे खाणारी, मुंबईच्या पेढीचे देणे डोक्यावर, गिऱ्हाईक विलायती धोतर मागणारे. अशा स्थितीत एका हाताने वर्गणी देणारा आणि दुसऱ्या हाताने माल मागविणारा हा माणूस अखेरीस गाठींवर शिक्का मारतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्यास त्या शिक्क्याची किंमत कळते.

त्या बंद गाठींचे पुढे काय झाले? आजोबांनी त्या जाळल्या, परत धाडल्या, की चळवळ ओसरल्यावर विकल्या? याचे उत्तर संवत १९८७ च्या वहीत होते. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू या गिरणी कामगाराने प्राण दिले. तो दिवस त्याच वहीच्या आरंभीच्या पानांत आला असता. ती वही देव्हाऱ्याखालच्या तीन वह्यांत नाही. ती मी १९९६ मध्ये रद्दीत घातली. आजोबांविषयीच्या या एका प्रश्नाचे उत्तर माझ्याच हाताने नाहीसे झाले आणि त्यासाठी मला दोष देण्यास दुसरा कोणी नाही.

वहीवर विश्वास का ठेवावा, असे कोणी विचारील. वहीतही लपवालपवी होते, दुहेरी वह्या असतात, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु ही वही इतिहासासाठी लिहिलेली नव्हती. नातवंडांनी वाचून धन्य व्हावे, हा हेतू तीत नव्हता. देणे-घेणे चुकू नये इतक्याचसाठी ती लिहिली गेली. म्हणून जेथे गौरवग्रंथ बोलत नाही, तेथे ती बोलते.

आपल्या ट्रस्टपुरते

ट्रस्टला पन्नास वर्षे झाली. आपल्या कार्यालयातील लोखंडी कपाटांत इतिवृत्ताच्या वह्या आहेत, पावतीपुस्तके आहेत, बोलीच्या व जीवदया खात्याच्या नोंदी, पाठशाळेचे हजेरीपट, चातुर्मासाच्या निमंत्रणपत्रिका आहेत. लेखापरीक्षणाची मुदत संपली की जुने कागद काढून टाकावेत, अशी सूचना सभांतून अधूनमधून येते. १९९६ चा माझा अनुभव ध्यानी घेऊन ती मान्य करू नये, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. पाठशाळेच्या हजेरीपटावरून मुली कोणत्या वर्षापासून अधिक संख्येने येऊ लागल्या हे कळेल. पावत्यांवरून कोणत्या दुष्काळात कोणी किती चारा दिला हे कळेल. इतिवृत्तांत मतभेद आहेत, राजीनामे आहेत, जमिनीच्या व्यवहारावरून झालेले कटू शब्दही आहेत. ती पाने तशीच राहू द्यावीत. दर संवत्सरीला आपण एकमेकांची क्षमा मागतो. परंतु क्षमा मागण्यासाठी काय घडले हे आठवावे लागते.

उपाय खर्चाचे नाहीत. कागद ओल व वाळवीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावेत. स्वच्छ सुती कापडात बांधून प्रत्येक गाठोड्यावर वर्ष व विषय लिहावा. कापडाची सोय आमच्या दुकानातून विनामूल्य होईल. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे वेष्टण चढवू नये. तरुणांनी मोबाइलवर पानांची छायाचित्रे घेऊन क्रमाने साठवावीत. महाजनी व मोडी वाचणारे जे दोन-चार ज्येष्ठ अद्याप आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांच्या हयातीतच वाचून घ्यावे. ज्या घरांत जुन्या वह्या, हुंड्या, पत्रे असतील, त्यांनी त्या पाहण्यास तरी द्याव्यात. मालकी त्यांचीच राहील. आमच्या घरच्या तीन वह्या मी याच अंकाच्या प्रकाशनदिनी ट्रस्टच्या कपाटात ठेवण्यास देत आहे. त्यांपैकी दोन अद्याप वाचून व्हावयाच्या आहेत.